जात्यावरची मुळाक्षरं

फार वर्षांपूर्वी, पिठाची गिरणी अजून कुणी पाहिलेली नव्हती आणि पहाट झाली की घराघरातून जात्याची घरघर ऐकू यायची, त्या काळातली ही गोष्ट. माणदेशाच्या कोरड्या माळावर हिवरकुंडी नावाचं एक गाव आहे. तेव्हाही होतं. तेव्हा गावकुसाच्या आत मोजून तेहतीस घरं होती आणि कुसाबाहेर पाच-सहा खोपटी. मध्ये एक विहीर, खाली एक ओढा. ओढ्याला पाणी चार महिने, उरलेले आठ महिने नुसती वाळू.

या गावात दरवर्षी दिवाळी सरली की एक बाई यायची. अंगानं काटक, कपाळावर आडवं गोंदण, सोबत एक राखी रंगाचं गाढव. वेशीत शिरली की ती हाळी द्यायची, ‘टाकीऽऽ लावायची का, टाकीऽऽ!’ तिचं नाव निलव्वा.

आता जातं घरात नाही, त्यामुळे टाकी म्हणजे काय हे सांगायला हवं. जातं फिरून फिरून गुळगुळीत होतं. मग दाणे भरडले जात नाहीत, नुसतेच दोन दगडांच्या मधून फिरून बाहेर पडतात. अशा वेळी छिन्नीनं दगडाला पुन्हा बारीक बारीक खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणायचे. निलव्वाच्या हातची टाकी वर्षभर टिकायची, आणि तिच्या टाकीच्या जात्यावर दळलेल्या पिठाची भाकरी कधी तव्यावर फुटायची नाही, असं म्हणतात.

पण टाकी लावणाऱ्या बाया पुष्कळ होऊन गेल्या. निलव्वा आठवते ती वेगळ्या कारणानं.

निलव्वाचा बाप तिम्मप्पा मोठा कारागीर होता. देवळाच्या पायऱ्या, उंबरे, तुळशीवृंदावनं, सगळं घडवायचा. कागदावर काही लिहून दिलं तर दगडावर हुबेहूब कोरायचा. वाचता मात्र येत नव्हतं. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे वेलबुट्टीच. एकदा बाजाराच्या गावात एका बड्या असामीनं देवळाला पायरी वाहायची ठरवली. त्यावर आपलं आणि आईवडिलांचं नाव कोरायला सांगितलं. कागद दिला. तिम्मप्पानं आठ दिवस खपून ओळ कोरली. एक रेघ इकडची तिकडे झाली नाही. पायरी बसवली, गुलाल टाकला, आणि लोक हसायला लागले.

कागदच उलटा धरला होता. अख्खी ओळ डोक्यावर उभी होती.

‘अरे, धन्याला पार शीर्षासन घालायला लावलंस की रे तिम्मप्पा!’ कुणीतरी म्हणालं. बडी असामी मात्र हसली नाही. त्यांनी पायरी उपटून पालथी घालायला लावली. तिम्मप्पानं स्वतःच्या हातांनी ती पालथी घातली, गाढव लादलं आणि गाव सोडलं. त्या दिवसानंतर त्यानं दगडावर अक्षर म्हणून कोरलं नाही. जाती, पाटे, उखळं, बस.

निलव्वा तेव्हा बारा वर्षांची होती. वाटेत तिनं बापाला विचारलं, ‘अप्पा, अक्षराचं डोकं कुठलं नि पाय कुठलं?’

तिम्मप्पानं गाढवाचं दावं ओढलं. मग म्हणाला, ‘मला ठावं असतं तर आज मान खाली घालून चाललो असतो का?’

हे पोरीच्या मनात रुतून बसलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा तळ एका मोठ्या गावाजवळ पडला. तिथल्या देवळाच्या ओवरीत शाळा भरायची. रेवणमास्तर म्हणून एक म्हातारे गृहस्थ शिकवायचे. निलव्वा ओवरीच्या बाहेर खडी फोडत बसायची. तिच्या घणाच्या आवाजानं मुलांना काही ऐकू येईना. मास्तर तावातावानं बाहेर आले. ‘ए पोरी, दुसरीकडे जाऊन फोड!’

निलव्वा उठली. घण खाली ठेवला आणि म्हणाली, ‘जाते. पन मला एक सांगा मास्तर. अक्षराचं डोकं कंचं?’

मास्तरांचा राग तिथंच विरला. चाळीस वर्षं शिकवत होते, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. ते धुळीत उकिडवे बसले आणि बोटानं एक रेघ ओढली. रेघेखाली एक अक्षर काढलं. म्हणाले, ‘अक्षराला छप्पर असतं. छप्पर वर. काही काही अक्षरांचं छप्पर जरा फाटकं असतं, ध-चं आणि भ-चं बघ, पण असतं. एवढं ध्यानात ठेवलंस तर तुझा कागद कधी उलटा व्हायचा नाही.’

तो सगळा उन्हाळा निलव्वा दिवसा खडी फोडायची आणि शाळा सुटली की रोज एक अक्षर घेऊन तळावर जायची. कागद नव्हता, पाटी नव्हती. घेतलेलं अक्षर ती दगडावर कोरायची, आणि दगडावर कोरलेलं पुसलं जात नाही. दोन महिन्यांत तिला वाचता यायला लागलं. तळ हलायच्या दिवशी मास्तर सकाळी ओवरीत आले, तर ओवरीची वर्षानुवर्षं डुगडुगणारी पायरी नीट बसवलेली होती. कुणी बसवली हे त्यांना विचारावं लागलं नाही.

वर्षं गेली. तिम्मप्पा गेला. निलव्वाचं लग्न झालं, मूल झालं नाही, नवरा परागंदा झाला तो परत आला नाही. तिच्याकडे राहिलं ते गाढव, छिन्नी-हातोडा आणि वाचता येणं. यातल्या शेवटच्या गोष्टीचा तिला काही उपयोग नव्हता. टाकीवालीला कोण काय वाचायला देणार? ती येता-जाता मैलाचे दगड वाचायची. देवळांवरची नावं वाचायची. एवढंच.

मग एका वर्षी हिवरकुंडीत ती तुळसाच्या दारात बसली.

तुळसा म्हणजे नवी सून. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासू शेतात गेलेली. निलव्वा अंगणात जातं उलगडून टाकी लावत होती आणि तुळसा उंबऱ्यात बसून निवडणं निवडत होती. हळूच तिनं कमरेची पिशवी सोडली आणि चार घड्या घातलेलं टपालाचं एक कार्ड काढलं.

‘मावशी, तुमी गावोगाव फिरता. कुणी वाचणारं ठावं हाय का? माहेरचं हाय. दोन म्हयने झालं येऊन. कुलकर्णी चावडीवर मोठ्यानं वाचत्यात, सगळा गाव ऐकतो. मला लाज वाटती.’

निलव्वानं हात पुसले. कार्ड घेतलं. छप्पर वर केलं आणि वाचलं. मग पुन्हा मनात वाचलं.

‘काय लिवलंय?’ तुळसा म्हणाली.

‘तुझ्या आईला बरं न्हाई. तिला तुला बघायचंय. लगोलग ये म्हणून लिवलंय.’

तुळसा त्याच पावली माहेरी गेली. तिसऱ्या दिवशी परत आली. आईला जाऊन दीड महिना झाला होता. निलव्वा तेव्हा दुसऱ्या गल्लीत काम करत होती. तुळसा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रडून रडून तिचा चेहरा कोरडा पडला होता.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘दोन म्हयने माजी आई माज्या कमरंला होती. मला हाका मारत होती. मला ऐकूच आलं न्हाई. मला हे शिकवा.’

निलव्वा तुळसाच्या सासूला ओळखून होती. जात्याला टाकी लावायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा जास्त वेळ तिला दारात कुणी बसू दिलं नसतं. दुसऱ्या दिवशी तर तिला पुढच्या गावी जायचं होतं. मग वर्षानं येणं. एवढ्यात काय शिकवणार?

ती उठली, तुळसाच्या अंगणात गेली. जात्याची वरची तळी पुढ्यात घेतली आणि खुंट्याशेजारी, हाताला सहज लागेल असं, एक अक्षर कोरलं. त.

‘हा तुजा. तुळसाचा त. दळताना त्याच्यावर बोट ठेव. जातं फिरलं की तो उलटा होईल, आडवा होईल, पुन्हा सुलटा होईल. तू त्याला सगळीकडून ओळख. मग पुढल्या साली बघू.’

असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी पहाटे तुळसा दळायला बसली तेव्हा जात्यातून सांडणाऱ्या पिठात तिला तोच त दिसला, आणि तिनं जात्याच्या कडेला सांडलेलं ते पीठ कितीतरी वेळ झाडलं नाही.

बायकांत गोष्ट लपत नाही. शेजारच्या घरातल्या मंजुळेनं विचारलं, ‘तिच्या जात्यावर काय काढलंस? माज्याही काढ.’

निलव्वानं विचार केला. दोघींना एकच अक्षर दिलं तर दोघींत मिळून एकच राहील. तिनं मंजुळेच्या जात्यावर म कोरला.

‘आता बघा,’ ती दोघींना म्हणाली. ‘आधी म बसला नि मग त बसला, तर मत झालं. दोघी शेजारी बसल्या की होतंय बघा. एकटीला न्हाई व्हायचं.’

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. घराला घर लागून, पण सासवांच्या भांडणामुळे त्या वर्षभर एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या.

अशी सुरुवात झाली. त्या साली सात घरांना अक्षरं मिळाली. पुढल्या साली बारा. कुणाला प, कुणाला ग, कुणाला ल. प्रत्येक घराला वेगळं, दुसऱ्याकडे नसलेलं. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अ-आ-इ-ई मात्र निलव्वानं सगळ्यांना मिळून शिकवले, धुणं धुताना, ओढ्याच्या वाळूत. ते सामाईक. बाकीची अक्षरं घराघराची. त्यामुळे झालं काय, की शब्द करायचा म्हटलं की बाईला उंबरा ओलांडावा लागायला लागला. ‘जरा प बघून येते’ असं म्हणून सुना बाहेर पडायच्या. कुंभारणीकडे ण होता, तेव्हा पाणी लिहायचं तर कुंभारणीच्या अंगणात जावंच लागायचं. जिथं पूर्वी कुणी हळदीकुंकवालाही जात नव्हतं तिथं आता पाणी शोधत बाया जायच्या.

एका म्हातारीला ङ आला. ती चिडली. ‘माजं अक्षर कुणी विचारतच न्हाई! कुटंच लागत न्हाई मेलं!’ निलव्वा तिला म्हणाली, ‘आत्याबाई, घरात एक माणूस कमी बोलणारं लागतं. त्याच्यावाचून घराची गणती पुरी होत न्हाई.’ म्हातारीला ते काही पटलं नाही. पण त्या दिवसापासून ती सगळ्यांची अक्षरं बघायला घरोघर फिरायला लागली.

सगळ्यांत मोठा अडसर पाटलीणबाईंचा. कोंडाबाई पाटलीण म्हणजे गावाचा धाक. त्या म्हणाल्या, ‘जात्यावर अक्षर? अक्षर म्हंजे देवी. तिच्यावर रोज पीठ सांडायचं? आणि बायकांना काय करायचंय वाचून? त्या टाकीवालीला माज्या दारात पाय ठेवू देऊ नका.’

निलव्वानं पाय ठेवला नाही. पाटलांचं जातं त्या साली बिनटाकीचं राहिलं. चार महिन्यांत पीठ असं जाड निघायला लागलं की भाकरी थापताना काठाला भेगा पडायच्या. पाटील रोज ताटावर बसून भाकरीकडे बघायचे आणि मग कोंडाबाईंकडे बघायचे. पुढल्या दिवाळीनंतर कोंडाबाईंनी स्वतः निरोप धाडला.

निलव्वा आली. टाकी लावली. उठायला लागली तशी कोंडाबाई इकडे तिकडे बघून म्हणाल्या, ‘आता शिल्लक काय हाय?’

‘र हाय, पाटलीणबाई. तुमच्यासाठीच ठिवलेला.’

‘कशात लागतो?’

‘घरात लागतो. दारात लागतो. दोन्हींचा शेवट त्याच्यावरच होतो.’

कोंडाबाईंनी जात्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, ‘काढ. जरा मोठा काढ.’ आणि गावात सगळ्यांत मोठं अक्षर पाटलांच्या जात्यावर पडलं.

क पासून ह पर्यंत तेहतीस अक्षरं, तेहतीस घरांत गेली. निलव्वाकडे एक उरलं. ळ. कुसाच्या आत त्याला घर उरलं नव्हतं. मग ती कुसाबाहेर गेली. तिथं गऊबाई राहायची. गावाची केरसुणी आणि दोर तिच्या घरचे, पण गावाच्या विहिरीवर पाय ठेवायची तिला मुभा नव्हती. पाणी भरायला ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, कपारीतल्या झऱ्यावर जायची. निलव्वानं तिच्या जुन्या जात्याला टाकी लावली आणि ळ कोरला.

गऊबाईनं त्याच्यावरून बोट फिरवलं. ‘हा एकटाच मला? ह्याच्यानं कंचा शब्द सुरू होतो?’

‘ह्याच्यानं एकपन शब्द सुरू होत न्हाई,’ निलव्वानं खरं ते सांगितलं. ‘पन बाळ ह्याच्यावाचून पुरं होत न्हाई. सकाळ होत न्हाई. आभाळसुद्धा अर्धंच राहातंय.’

गावात परत येऊन ती बायकांना म्हणाली, ‘एक अक्षर कुसाबाहेर हाय. लागलं की जा.’ बायकांनी मान डोलावली. पाच वर्षं झाली, कुणी गेलं नाही. बाळ लिहायचं असलं तर त्या शेवटची जागा मोकळी सोडायच्या.

निलव्वाला हे ठाऊक होतं. दरवर्षी ती विचारायची, दरवर्षी बाया इकडे तिकडे बघायच्या. ती रागावायची नाही, पण त्या दिवशी मुक्काम गऊबाईच्या अंगणात करायची.

पुढचं जे घडलं, ते निलव्वाच्या पाठीमागे घडलं. ती तेव्हा वीस कोसांवर होती. तुळसानं तिला ते नंतर सांगितलं, आणि मग निलव्वा सांगायला लावायची म्हणून दरवर्षी सांगितलं.

वैशाख होता. त्या साली पाऊस झाला नव्हता, म्हणून गावातले झाडून सगळे पुरुष दूर सडकेच्या कामावर गेले होते. कुलकर्णी तालुक्याला. गावात बाया, पोरं आणि दोन आंधळे म्हातारे. एका दुपारी घोड्यावरून एक सरकारी माणूस आला. विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी हौदाशी, थांबला. एक फळी ठोकली. तिच्यावर काळ्या रंगानं काहीतरी लिहिलेलं होतं. त्यानं विचारलं, ‘पुरुष कुणी नाहीत का?’ नाहीत म्हटल्यावर बायकांशी काय बोलायचं म्हणून तो घोडा फिरवून पुढच्या गावाला निघून गेला.

बाया घागरी घेऊन तिथंच उभ्या होत्या. तुळसा पुढं झाली. तिला आता तेहतीसही अक्षरं येत होती. पण तिचा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून तिनं सगळ्यांना हाका मारल्या. ज्या घरी होत्या त्यांना बोलावणी गेली. जी ती बाई आपलं अक्षर दिसलं की बोलायची. विहिरीभोवती तेहतीस घरच्या बाया उभ्या, आणि अक्षरागणिक एकेकीचा आवाज. प. ट. क. ‘पटकी,’ तुळसा म्हणाली, आणि बायांनी पोरं जवळ ओढली. त्या काळी पटकी, म्हणजे कॉलरा, आली की घरंच्या घरं धुवून न्यायची. माणूस सकाळी उठायचं आणि संध्याकाळी नसायचं.

त्यांनी पुढं वाचलं. ‘पटकीची साथ आहे. विहिरीचे पाणी तसेच पिऊ नका.’

घागरी तिथंच रित्या झाल्या. पुढं एकच ओळ होती. ‘उक’, मग एक वेगळं अक्षर उकार घेऊन, मग ‘न’. मग ‘पिणे.’

‘उकरून,’ मंजुळा म्हणाली. ‘उकरून पिणे. ओढ्यात झिरा उकरा म्हनतंय.’

सगळ्यांना ते पटलं. ओढा आटला की दरवर्षी वाळूत खड्डा उकरून त्यातलं पाणी प्यायचंच. त्यात अवघड ते काय? पोरं तहानेनं रडत होती. चौघी-पाच जणी खोरी आणायला निघाल्यासुद्धा.

‘थांबा,’ कोंडाबाई म्हणाल्या.

त्या थारोळ्याला टेकून उभ्या होत्या. मघापासून फळीकडे रोखून बघत होत्या.

‘हा माजा र न्हवं.’

‘रंगाऱ्यानं वाईट काढला असंल, पाटलीणबाई,’ कुणीतरी म्हणालं.

‘सहा वर्षं रोज पहाटे त्याच्यावर हात ठेवून दळती मी. माजा र मला अंधारात कळतो. हा माजा न्हवं. कुनाचा हाय?’

तेहतीस घरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाचाच नव्हता. आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं, पण बोलेना कुणीच. शेवटी ती ङ-वाली म्हातारी, जिच्या अक्षराचं त्या दिवशीही काही काम पडलं नव्हतं, ती म्हणाली, ‘अगं, कुसाबाहेर हाय म्हनली होती ना ती? बोलवा की! का पोरं मरायची वाट बघताय?’

तुळसा धावत गेली.

गऊबाई आली, पण थारोळ्यापासून पन्नास पावलांवर थांबली. तिथून तिला फळीवरचं दिसेना. तुळसानं मागं वळून कोंडाबाईंकडे बघितलं. सगळ्याच बघत होत्या. असं म्हणतात, त्या घटकेला माळावरचा वारासुद्धा पडला होता.

कोंडाबाई पन्नास पावलं चालून गेल्या. त्यांनी गऊबाईचा हात धरला, आणि तिला विहिरीच्या थारोळ्यावर आणून फळीसमोर उभं केलं.

‘वाच गं बाई,’ त्या म्हणाल्या.

गऊबाईनं फळीकडे बघितलं. बोट उचललं.

‘ळ,’ ती म्हणाली. ‘माजा ळ हाय हा.’

‘उकळून,’ तुळसानं वाचलं. ‘उकळून पिणे.’

त्या दिवशी हिवरकुंडीच्या तेहतीस चुली आणि कुसाबाहेरच्या पाच-सहा चुली भर दुपारी पेटल्या. पुढचे दीड महिने त्या गावात कुणी पाण्याचा थेंब उकळल्याशिवाय तोंडाला लावला नाही. ओढ्यात खड्डा कुणी खणला नाही. तेच बरं झालं, कारण वरच्या अंगाच्या एका गावात पटकीनं माणसं मरत होती, आणि त्यांच्या वाकळा त्याच ओढ्याच्या डबक्यात धुतल्या जात होत्या. तिथून सगळं वाळूखालून झिरपत खाली येत होतं.

आजूबाजूच्या गावांतून प्रेतं निघाली. हिवरकुंडीतून एकही निघालं नाही.

निलव्वाला वीस कोसांवर बातमी लागली ती अशी, की त्या पट्ट्यात पटकीनं कहर केला, माणूस उरला नाही. तिनं गाढवावरचं ओझं तिथंच उतरवलं आणि ती निघाली. दोन दिवस चालली. येताना वाटेवरची गावं बघितली, बंद दारं बघितली. पहाटे हिवरकुंडीची वेस दिसली, पण आत जायचा तिला धीर होईना. ती वेशीबाहेरच दगडावर बसली.

तेवढ्यात तिला जात्याची घरघर ऐकू आली. मग दुसऱ्या जात्याची. मग पुष्कळ जात्यांची. असं म्हणतात, तिला प्रत्येक घरघर वेगळी ओळखू येत होती. ही मंजुळेची, ही कुंभारणीची, ही पाटलांची जाड. ती बोटांवर मोजत होती. चौतीस भरली तेव्हा ती उठली.

बायकांनी तिला विहिरीवर नेलं. फळीसमोर उभं केलं आणि जशी वाचली होती तशी पुन्हा वाचून दाखवली, अक्षरागणिक एकेकीनं. ळ-च्या जागी गऊबाई थारोळ्यावर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, ‘ळ!’ निलव्वा खाली बसली. पदर तोंडाला लावला. तिला हसायला येत होतं की रडायला, हे तुळसाला शेवटपर्यंत कळलं नाही.

‘काय देऊ तुला?’ कोंडाबाई म्हणाल्या. ‘माग. लुगडं माग, शेळी माग.’

निलव्वा म्हणाली, ‘पुन्हा वाचा.’

त्यांनी पुन्हा वाचली. ती पुन्हा म्हणाली, ‘आनखी एकदा.’ त्या सकाळी ती फळी सात वेळा वाचली गेली, असं म्हणतात.

पुढं निलव्वा म्हातारी झाली. आयुष्यभर दगडाचे कण उडून उडून तिचे डोळे गेले. तेव्हा हिवरकुंडीच्या बायकांनी तिला जाऊ दिलं नाही. ती गावातच राहिली. रोज एका घरी जेवायची, वर्णमालेप्रमाणे, आज क-कडे, उद्या ख-कडे. जेवून झालं की त्या घरातली एखादी नात तिला काहीतरी वाचून दाखवायची. टपालाचं कार्ड, पंचांग, काडेपेटीवरचं नाव, मिळेल ते. वाचताना कुणी चुकली तर निलव्वा तिचं बोट धरून जात्यावरच्या अक्षरावर ठेवायची.

तुळसाची धाकटी मुलगी तालुक्याच्या शाळेत जायला लागली, तेव्हा तिनं येऊन निलव्वाला सांगितलं, ‘आजी, आमच्या बाईंना मी म्हटलं की मला अक्षरं आधीच येतात. त्यांनी विचारलं, कुणी शिकवली? मी सांगितलं, आमच्या गावानं.’

निलव्वा म्हणाली, ‘बराबर सांगितलंस.’

माघातल्या एका सकाळी ती गेली. असं म्हणतात, त्या सकाळी गावातल्या सगळ्या जात्यांनी, कुणी खुंट्याला हात लावलेला नसताना, एकेक फेरा घेतला. खरं-खोटं कुणास ठाऊक. पण त्या दिवशी गावात कुणी दळलं नाही, हे मात्र सगळे सांगतात.

आता हिवरकुंडीत गिरणी आहे, शाळा आहे, नळ आहेत. जाती अंगणात पडून असतात, काहींवर तुळशीच्या कुंड्या ठेवलेल्या. पण घरात नवी सून आली की माप ओलांडण्याआधी तिला जात्याजवळ नेतात आणि त्या घरच्या अक्षराच्या खाचेत चिमूटभर पीठ भरायला लावतात. ती पदवीधर असली तरी. मग गावात तिची ओळख त्या अक्षरावरून होते. गावची लेक सासरी निघाली की आई तिला सांगते, तिथं एका तरी बाईला वाचायला शिकव, आणि शिकवलंस की मला कळव. ती पत्रं येतात. आता फोन येतात.

आणि वैशाखात एक दिवस गावातल्या सगळ्या बाया विहिरीवर जमतात. जुनी फळी केव्हाच कुजून गेली, नवी रंगवून घेतलेली आहे, पण ओळी त्याच. ती अक्षरागणिक वाचतात. ङ-च्या घरची बाई सगळ्यांना गूळ वाटते, कारण तिचं अक्षर कुठंच येत नाही. ळ आला की सगळ्या थांबतात. गऊबाईच्या घरची सून थारोळ्यावर चढते, तो मोठ्यानं वाचते, आणि त्या दिवशीची पहिली घागर विहिरीत ती सोडते. तिची घागर भरून वर येईपर्यंत गावात कुणी पाण्याला हात लावत नाही.